हेम्पची पेंड: काही महिने गाई-कोंबड्यांना चारल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. दुभत्या गाईंच्या खुराकात हेम्पच्या (भांगेच्या कमी नशेच्या जातीच्या) बियांची ही पेंड माझ्याकडे राहणार, पण थोडीच. कोंबड्यांना सोयापेंडीच्या जागी ती पूर्ण चालेल असं कोणी सांगत असेल, तर ऐकू नका.

मी घेतो ती घाण्यावर थंड दाबाने तेल काढून उरलेली पेंड. कोरड्या वजनावर प्रथिनं 30 ते 35 टक्के, तेल 10 टक्क्यांच्या आसपास आणि टरफलामुळे तंतू भरपूर. विकणारे प्रथिनांचा आकडा मोठा करून सांगतात, तंतूचा कोणी काढत नाही. ऊर्जा मात्र त्या तंतूमुळेच कमी पडते.

गाईंनी सुरुवातीला नाकं मुरडली. दाण्याच्या मिश्रणात हळूहळू वाढवत गेलो, तसं गव्हाण साफ होऊ लागली. सोयापेंडीचा काही भाग काढून ही घातली, तरी दूध उतरलं नाही. याचं कारण असं की हिची बरीचशी प्रथिनं कोठीपोटात (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटात) न फुटता पुढे आतड्यात जाऊन पचतात. बायपास प्रथिनं म्हणतो ती हीच. मग आणखी घालायचा मोह होतोच. त्यावर 2010 साली प्रसिद्ध झालेली स्वीडनमधली चाचणी वाचावी. एकूण कोरड्या आहारात किलोला 143 ग्रॅम पेंड असताना दूध सर्वांत जास्त मिळालं. त्यापुढे दूध वाढलं नाही, दुधातलं युरिया मात्र चढत गेलं. म्हणजे महागाची प्रथिनं मुतावाटे बाहेर! फॅटची टक्केवारीही मात्रेबरोबर घसरत गेली. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2011 मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आहारात 5 टक्क्यांचीच शिफारस केली होती. मी त्याच्या जवळपास थांबलो आहे.

विकणारे ओमेगा-3 या चांगल्या मेदाचीही जाहिरात करतात. हेम्पच्या तेलात ओमेगा-6 आणि ओमेगा-3 साधारण तिनास एक या प्रमाणात असतात, हे खरं. पण कोठीपोटातले जंतू अशा असंपृक्त मेदाला हायड्रोजन जोडून टाकतात, त्यामुळे दुधात त्यातलं फार थोडं उतरतं. अंड्याच्या बलकात ते चांगलं उतरतं, कारण कोंबडीला कोठीपोटच नाही.

कोंबड्यांची अडचण वेगळी आहे. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी आर्जिनिन इथे रग्गड, लायसिन तोकडं: सोयाच्या 100 ग्रॅम प्रथिनांत 6 ग्रॅमच्या वर, इथे 4 च्या आसपास. मी वरून लायसिन घालतो. शिवाय यातला बराच फॉस्फरस फायटेट या बियांतल्या संयुगात अडकलेला असतो. गाईच्या पोटातले जंतू तो सोडवतात, कोंबडीला फायटेज (फायटेट फोडणारं विकर) द्यावं लागतं. एवढी उठाठेव करून तिला जेमतेम पूरक खाद्य म्हणूनच जागा उरते.

‘जनावरांना नशा होते का?’ हा प्रश्न सगळेच हसत विचारतात. बीच्या आत टीएचसी (भांगेतलं नशा आणणारं द्रव्य) जवळजवळ नसतंच. फुलोऱ्याचा चीक टरफलाला चिकटतो, तेवढंच येतं. म्हणून स्वच्छ केलेल्या बियांची पेंड आणि तपासणीचा अहवाल, दोन्ही मागतो. पाल्याची गोष्ट निराळी. जर्मनीतल्या चाचणीत (निष्कर्ष 2022 मध्ये आले) हेम्पच्या पानं-फुलांचा मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) खाल्लेल्या गाईंची चाल डळमळली, श्वास आणि नाडी मंदावली, टीएचसी दुधात आलं. तो चारा माझ्या गोठ्यात येणार नाही.

आणि साठवण. उरलेल्या तेलामुळे ही पेंड उकाड्यात लवकर खवट होते, आणि खवट झाली की गाई तोंड लावत नाहीत. मोठी खेप कितीही स्वस्त मिळाली तरी लवकर संपेल एवढीच घेतो.