लॅमिंग्टन रोडचे वाइंडिंगवाले काका: अमेरिकन ॲम्प घेऊन येणाऱ्यांसाठी

दुकानाचं नाव लिहीत नाही. काकांची सक्त ताकीद आहे, "नाव टाकलंस तर पुढच्या वेळी दारात उभी करणार नाही." एकटा माणूस, हाताखाली एक पोरगा, त्यात नवी गर्दी त्यांना परवडत नाही. ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरा, लॅमिंग्टन रोडला लागा आणि स्पीकरच्या कुठल्याही दुकानात ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या काकांची चौकशी करा. बोट दाखवतील. जुनी इमारत, लाकडी जिना, दुसरा मजला.

मी कार्यक्रमांना बॅकलाइन सांभाळते. म्हणजे ड्रम, ॲम्प, केबली, आणि कलाकाराचं ऐनवेळी जे काय बिघडेल ते. मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्रा ब्लूज हा ब्लूज संगीताचा महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून ब्लूजवाली मंडळी इथे येताहेत. या वेळच्या गायिका बाई साठीच्या पुढच्या. जन्म मिसिसिपीचा, संसार शिकागोत. बाकी सामान भाड्याचं चालेल, पण नळ्यांचा (व्हॅक्यूम ट्यूबचा) छोटा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, घरचंच हवं, ही त्यांची एकच अट. तो चालतो १२० व्होल्टवर. भाड्याने आलेला स्टेप-डाऊन, म्हणजे आपले २३० व्होल्ट उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर, खोलीत लावला, तर दहाव्या मिनिटाला वार्निश जळल्याचा वास. मी प्लग खेचला. कार्यक्रम त्याच रात्री, वांद्र्याला.

बाईंना म्हटलं, तुम्ही गाडीने गेटवे वगैरे बघून या, मी हे निस्तरते. त्या बूट घालून तयारच. गेटवे काय पळून जातोय का, म्हणाल्या, माझ्या ॲम्पचं जिथे काय होणार तिथे मी येणार.

काकांनी आधी भाड्याचा डबा उघडला, आत बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "ॲल्युमिनियमची तार, आणि वर ऑटो वाइंडिंग." ऑटोमध्ये दोन्हीकडचं वेटोळं एकच असतं. न्यूट्रल तुटला की २३० जसेच्या तसे पलीकडे, बाईंच्या ॲम्पमध्ये. काका दोन वेगळी वेटोळी गुंडाळतात, तांब्याचीच, आणि अर्थिंगची तार आरपार नेतात. मग ॲम्प उलटा करून त्यांनी मागची पट्टी वाचली. मी इतकी वर्षं या रस्त्यावर खरेदी करतेय, पण पट्टीवरचे हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला किती आवर्तनं ते, बघणारा दुकानदार हा एवढाच.

स्टेप-डाऊन व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. साठसाठी बनवलेला ॲम्पच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जास्त तापतो. म्हणून काका पुरे १२० देतच नाहीत, ११२च्या आसपास थांबतात. नळ्यांचे फिलामेंट, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, किंचित मंद पेटतात, त्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या कोणासाठी घेतलेला अर्धा नग टेबलावर होता, तोच आमच्यासाठी पुढे ओढला. "चारला या. वार्निश सुकल्याशिवाय मी माल देत नाही."

म्हणजे हातात वेळच वेळ. खाली फुटपाथवर नेहमीचा पसारा होता: सुटे स्पीकर, रिमोट, वायरींची भेंडोळी, आणि एक पोरगा माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" करतोय. बाई तिथे जी थांबल्या, ती हलेनात. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार असाच होता म्हणे. दक्षिणेतून पोटापाण्यासाठी आलेले ब्लूजवाले रविवारी तिथे रस्त्यावरच उभे राहायचे. गर्दीत आवाज पोचावा म्हणून ॲम्प लागायचा, आणि वीज कुठून? समोरच्या घरात चार पैसे द्यायचे आणि खिडकीतून लांब वायर खाली सोडायची. १९९४ साली बाजार तिथून हलवला. हे सांगता सांगता बाईंची नजर वर, इमारतींच्या खिडक्यांमधून लोंबणाऱ्या वायरींवर. आपल्याला ज्या विद्रूप वाटतात, त्यांचे त्यांनी फोटो काढले.

पुढे रॉयल ऑपेरा हाउस बाहेरूनच. १९११चं आहे, २०१६ला पुन्हा उघडलं, मान डोलवून झालं, चला. रात्री गायचं म्हणून वडापाव नुसता हुंगला. रमल्या त्या काँग्रेस हाउसच्या बाजूला, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे. तो पितळी पत्ती घासत होता. टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. बाईंनी जॅकेटच्या खिशातून माउथ ऑर्गन काढला, पाठीचं झाकण उघडलं आणि आतल्या पत्त्या त्याच्यासमोर धरल्या. त्याही पितळीच, आणि घासायची रीतही तीच. मग अर्धा तास दोघं एकमेकांच्या पत्त्या बघत बसले. मधे मी दुभाषी होते, पण खरं तर कोणाला माझी गरज नव्हती.

चारला परत. काकांनी मल्टिमीटर लावला, ११२ दाखवले, मग ॲम्प जोडला. नळ्या तापल्या तशी ती बारीक घूं सुरू झाली, विजेच्या हर्ट्झवर चालणारी. बाईंनी कान जवळ नेला आणि म्हणाल्या, ही खाली आहे. घरी ती 'बी फ्लॅट' आणि 'बी' या पाश्चात्य सुरांच्या मधे वाजते, इथे 'जी'च्या जरा वर.

काका भजनी मंडळात पेटी वाजवतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. "असणारच खाली. साठ आणि पन्नास, सहाला पाच. इथली घूं सा धरली, तर त्यांच्याकडची कोमल गंधार." मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी डोळे मिटले, त्याच घूंचा सा धरला आणि कोमल गंधारावरून शुद्धकडे स्वर असा घासत नेला की तो ना इथला ना तिथला. ब्लूजचा सगळा जीव त्या मधल्या जागेत असतो. पोरट्याने न सांगता पंखा बंद केला. काका म्हणाले, "परत." त्या परत गायल्या. मग काकांनी बिल लिहायला घेतलं.

साडेचार हजार झाले. भाड्याच्या मानाने महाग वाटतील, पण जळलेल्या ॲम्पच्या मानाने काहीच नाहीत. रात्री पूर्ण कार्यक्रम झाल्यावर मी ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला हात लावून बघितला, कोमट होती. ॲम्पच्या पाठीचीही काही चिंता नव्हती.

आता गैरसोयी. लिफ्ट नाही, आणि नग सहा-सात किलोचा. पेटीच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, माझं बोट कापलं. घरी नेऊन कानस मारा. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद, कंपनीच्या हिशेबात तो दाखवताना अकाउंटवाले डोळे वटारतात. दुपारी एक ते तीन शटर अर्धं खाली असतं, तेव्हा ठोठावू नका. आणि काका बोलायला लागले की बोलतच राहतात, घाई असेल तर फोन कानाला लावून उभं राहणं हाच उपाय.

जाताना यंत्राच्या मागच्या पट्टीचा फोटो न्या. व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट तिन्ही दिसायला हवेत. लॅपटॉप, मोबाइलचा चार्जर घेऊन जाऊ नका, त्यांच्यावर १०० ते २४० लिहिलेलं असतं, ते इथे तसेच चालतात. अमेरिकेहून आणलेला हेअर ड्रायरही नको. त्याला इतका मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो की काका सरळ सांगतात, खालून नवा विकत घे.