बिलात सीव्हीटी ऑईल, गाडीत पिंपातलं एटीएफ

गोव्याहून परत येत होतो. साखळी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर गाडी नुसती ओरडायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा चार हजारांवर जायचा, खरं गाडी तिथंच, बैल रुतल्यागत. मध्येच एक झटका, मग पुन्हा ओढ. मागच्या सीटवर आई बसलेली, मागं मालवाहू ट्रक, एका बाजूला दरी. कणकुंबीपर्यंत कसं आलो ते माझं मला माहीत. तिथं गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबले तेव्हा हाताचा कापरा गेला.

हे का झालं ते लिहिते. आमच्या भागात आता ऑटोमॅटिक गाड्या पुष्कळ झाल्यात, आणि त्यांच्या ऑईलबद्दल बहुतेकांना काही माहीत नसतं. मलाही नव्हतं.

माझी गाडी 2016 ची होंडा सिटी, पेट्रोल, सीव्हीटी, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुल्यांवर चालणारी ऑटोमॅटिक. सेकंडहँड घेतली. डाव्या गुडघ्याचं दुखणं असल्यामुळं क्लच दाबणं जमत नाही, आणि खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करायची तर गाडी पाहिजेच. साठ हजार किलोमीटर झाले तेव्हा मॅन्युअल काढून वाचलं. गिअरबॉक्सचं ऑईल बदलायला हवं होतं आणि त्यात एचसीएफ-2 हे होंडाचं सीव्हीटीसाठीचं ऑईलच घाला असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याच आठवड्यात नणंदेकडं लग्नाला कोल्हापूर जिल्ह्यात जायचं होतं. तिथल्या एका गॅरेजचं नाव पाहुण्यांनी सांगितलं, “ऑटोमॅटिकचा माणूस आहे, डोळे झाकून गाडी दे.” गॅरेजचं नाव इथं लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

मी मालकाला मॅन्युअलचं पान दाखवलं. त्यानं मान डोलावली. “ताई, ओरिजिनलच घालतो की, डबे तुमच्या हातात देतो. तुम्ही आत फॅनखाली बसा, चहा सांगतो.” मी बसले. पाऊण तासात गाडी तयार. बिल 7,200 रुपये, त्यावर एचसीएफ-2, चार लिटर असं छापलेलं. डिकीत चार रिकामे डबे. रिकामे डबे दिले म्हणजे माणूस सचोटीचा, असं मला मनापासून वाटलं. मी घरी तसं सांगितलंसुद्धा.

पंधरा दिवसांत साठच्या वेगाला एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. टायर असतील म्हणून मी सोडून दिलं. मग तो घाट आला.

माझा मोठा भाऊ उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात आहे, उभा जन्म तेलात गेलाय त्याचा. गाडीला हात लावायच्या आधी दादानं डिकीतले डबे मागितले. चारीही डबे त्यानं ओट्यावर वर्तमानपत्र पसरून रात्रभर उलटे ठेवले. सकाळी कागद कोरडा. एका डब्याच्या तोंडाखाली तेवढा रुपयाएवढा डाग, तोही तपकिरी, चिकट, त्यात बारीक माती. बॅटरीच्या उजेडात आत बघितलं तर तळाला धूळ बसलेली. वर छापलेले पॅकिंगचे महिने चार डब्यांवर तीन वेगवेगळे. दादा म्हणाला, “अगं, आजचं तेल ओतलेला डबा चार दिवस गळतोय. हे डबे वर्षभर कुठंतरी फळीवर पडलेले आहेत.” दुसऱ्या कुणाच्या गाडीत रिकामे झालेले डबे माझ्या डिकीत आले होते.

मग माझ्या गाडीत घातलं काय? ते मला त्याच गॅरेजमधल्या एका पोरानं सांगितलं. मी जाब विचारायला गेले तेव्हा मालक आवाज चढवून बोलला, “ऑईल ते ऑईल, ऑटोमॅटिकला ऑटोमॅटिकचंच घातलंय. तुमची गाडी जुनी, त्याला आम्ही काय करणार?” मी बाहेर आले, गाडीपाशी उभी होते. ते पोर हात पुसत आलं, खाली बघतच बोललं, “मावशी, पिंपातलं लाल घातलंय. पावर स्टेरिंगला घालतात ते.” आणि आत पळालं.

ते लाल तेल म्हणजे साधं एटीएफ, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. पुष्कळ गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगला तेच चालतं, म्हणून गॅरेजमध्ये त्याचा पिंप सापडतोच. त्यावर बऱ्याचदा ‘डेक्सरॉन 3’ लिहिलेलं असतं. हा जनरल मोटर्स कंपनीनं ठरवलेला तेलाचा दर्जा. त्याचे परवाने देणं तिनं 2006 अखेरीस बंद केलं, तेव्हा आज त्या नावानं विकल्या जाणाऱ्या तेलामागं कंपनीची कसली हमी नाही. लाल रंगाचंही तसंच. तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कुठली ते ओळखता यावं म्हणून. लाल दिसलं म्हणजे आपल्या गाडीचं, असं काही नाही.

दादानं मला फरक समजावला तो असा. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर असतात आणि ते बदलायला क्लच प्लेटा. त्या प्लेटा धक्का न देता बसाव्यात अशा बेतानं एटीएफ बनवतात. सीव्हीटीत तसे गिअर नाहीत. दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा. पुली रुंद-अरुंद होते तसा वेग बदलतो. त्या पट्ट्यानं पुलीला घट्ट धरलं पाहिजे, आणि तेही तेलात बुडालेलं असताना. म्हणजे तेलानं झीज थांबवायची आणि पकडही सुटू द्यायची नाही. चुकीच्या तेलात पट्टा सरकतो. सरकला की पुलीच्या गुळगुळीत तोंडावर ओरखडे येतात, आणि ते ओरखडे कुठलंही तेल घालून भरून येत नाहीत. घाटात भार आणि उष्णता दोन्ही वाढतात, म्हणून सपाट रस्त्यावर नुसती शीळ घालणारी गाडी चोर्ल्याला उघडी पडली.

बेळगावात दुसऱ्या वर्कशॉपला गाडी दिली, या वेळी दादा आणि मी दोघंही रॅम्पपाशी उभे राहिलो. ड्रेन बोल्ट काढला. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ चिखल असणं साहजिक आहे, थोडी झीज प्रत्येक गाडीत होतेच. माझ्या बोल्टवर त्या चिखलात चमकणारे कण होते. फिटरनं ते चिमटीत धरून चोळले आणि माझ्या तळव्यावर ठेवले. टोचत होते.

एकदा तेल काढून पुन्हा भरलं म्हणजे सगळं बदललं असं होत नाही. बरंचसं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि आतल्या वाटांत अडकून राहतं, बोल्टमधून ते येत नाही. म्हणून तीनदा काढलं, तीनदा भरलं, मध्ये प्रत्येक वेळी गाडी फिरवून आणली. सीलबंद डबे माझ्यासमोर फोडले. निघालेलं तेल मापात ओतून मोजलं. पातळी बघताना गाडी सपाट जागी, इंजिन चालू आणि तेल ठरलेल्या तापमानाला आलेलं, हे सगळं त्यांनी बघू दिलं. पहिल्या गॅरेजमध्ये पाऊण तासात हे कसं उरकलं असेल, हा विचार मी तेव्हा केला असता तर बरं झालं असतं. शीळ कमी झाली आहे. गेलेली नाही. गिअरबॉक्स बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या वर जाईल, असं फिटरनं स्पष्ट सांगितलं.

हे कळल्यावर शेजारच्या काकांनी त्यांचं बिल आणून दाखवलं. त्यांची गाडी एएमटी. म्हणजे आतला गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच, क्लच आणि गिअर बदलण्याचं काम तेवढं यंत्र करतं. त्यात साधं गिअर ऑईल लागतं, आणि त्या यंत्राचं हायड्रॉलिक तेल वेगळं. काकांना ‘ऑटोमॅटिकचं महागडं ऑईल’ म्हणून पाच लिटरचे पैसे लावले होते. त्यांच्या गिअरबॉक्सला एवढं तेल लागतसुद्धा नाही. आपल्या गाडीत सीव्हीटी आहे, एएमटी आहे, ड्युअल क्लच आहे की टॉर्क कन्व्हर्टर आणि गिअरचा जुना प्रकार, एवढं मॅन्युअलमध्ये बघून एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. सोबत तेलाचं नेमकं नाव. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ म्हणणाऱ्याकडं गाडी देऊ नका.

तक्रारीबद्दल. मालकानं मला जाताना ऐकवलं होतं, “तुम्ही कर्नाटकातल्या, इथं येऊन काय करणार?” सीमेवरच्या माणसाला हे वाक्य दोन्हीकडं ऐकावं लागतं, आणि ऐकून आपण गप्प बसतो. या बाबतीत गप्प बसायचं कारण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या राज्यात असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाईनला फोन केला, मग बेळगावच्या आयोगात अर्ज दिला. सोबत बिल, डब्यांचे फोटो, दुसऱ्या वर्कशॉपचा लेखी अहवाल, आणि काढलेल्या तेलाची एक सीलबंद बाटली.

वकील म्हणतात, त्या पोराची साक्ष झाली तर प्रकरण एका तारखेत निकालात निघेल. मी नको म्हणाले. सतरा-अठराचा असेल, त्या मालकाच्या पगारावर घर चालत असेल, आणि त्यानं विचारलं नसताना मला खरं सांगितलं. ते चार डबे पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेत. त्यांच्यावरच काय होईल ते होऊ दे.