हँडल उंच झालं, ब्रेकची नळी मात्र एबीएसला चुकवून गेली

बिल १६,८०० रुपयांचं. त्यातल्या ओळी अशा: सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कापलेल्या) अ‍ॅल्युमिनियमची टी (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या, म्हणजे फोर्क, वरून पकडणारी पट्टी) ५,५००, टेपर हँडल १,८००, स्टील ब्रेडेड ब्रेक होज २,६००, केबल सेट १,४००, वायरिंग १,५००, मजुरी ४,०००. मोटरसायकल १५५ सीसीची, फुल फेअरिंगची (बाहेरून पूर्ण आवरण असलेली), दोन चॅनेल एबीएसची (जोरात ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा). क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कला पकडलेली दोन आखूड, खालची हँडलं, काढून उंच, सरळ पाइपचं हँडल बसवून घेतलं होतं. मालक सहा आठवडे खूश होता, कारण मनगटांवरचा भार गेला होता आणि मान मोकळी झाली होती. पुढचे ब्रेक पॅड बदलायला गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेली, तिथे टाकी उचलली आणि बिलातली एकेक ओळ उलगडत गेली.

ही फसवणूक खपते कारण ज्यासाठी पैसे दिले ते सुख पहिल्याच फेरीत मिळतं. पाठीला आराम मिळाला की काम चोख झालं असं वाटतं. फेअरिंगच्या आत काय केलंय ते कोणी बघत नाही.

सगळ्यात वाईट भाग ब्रेकचा, म्हणून तो आधी. एबीएसच्या गाडीत पुढच्या ब्रेकच्या नळ्या दोन असतात. एक मास्टर सिलिंडरपासून (लिव्हरपाशी ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) टाकीखाली किंवा सीटखाली असलेल्या एबीएस युनिटपर्यंत जाते. दुसरी तिथून निघून कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत, उतरते. युनिट चासीवर पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे हँडल उंच केलं की फक्त पहिली नळी कमी पडते. दुसरीला हात लावायचं काही कारणच नाही. पण पहिली नळी त्या त्या मॉडेलचीच लागते, बऱ्याच गाड्यांत तिचा काही भाग वळवलेल्या धातूच्या पाइपचा असतो, आणि ती बदलायची तर टाकी आणि फेअरिंग काढून अर्धा दिवस जातो. वर युनिटमध्ये हवा अडकली तर ती काढायला कधी कधी स्कॅनर जोडून आतला पंप चालवावा लागतो. हे सगळं टाळायचा चोरवाटेचा मार्ग म्हणजे मास्टर सिलिंडरपासून थेट कॅलिपरपर्यंत एकच लांब नळी. वीस मिनिटांत काम संपतं. या गाडीत तेच केलं होतं आणि युनिटची दोन मोकळी तोंडं बोल्ट घालून वर एम-सील लावून बुजवली होती.

मालकाला शंका का आली नाही? कारण मीटरवरचा एबीएसचा दिवा बरोबर वागत होता. किल्ली फिरवली की लागायचा, गाडी थोडी चालली की विझायचा. हा दिवा बघतो वायरिंग, चाकांचे सेन्सर, पंपाची मोटर आणि व्हॉल्व्हची कॉइल. ब्रेक ऑइल युनिटमधून जातंय की बाहेरून, हे या वर्गातल्या गाड्यांच्या युनिटला कळतच नाही. म्हणजे दिवा विझलेला, सेन्सर ठणठणीत, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पुढचं चाक सरळ लॉक. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे अलीकडच्या प्रत्येक स्पोर्ट गाडीत ही चोरवाट काढता येते.

तपासायला अवजार लागत नाही. ब्रेकच्या लिव्हरपाशी नळी बोटांत धरा आणि तिच्या मागोमाग जा. ती फेअरिंगमधून मागे टाकीकडे वळायला हवी. कॅलिपरपासून वर येणारी नळीही तशीच आत शिरायला हवी. लिव्हरकडची नळी फोर्कला चिकटून थेट चाकाकडे उतरत असेल तर गाडी तिथेच उभी करा, चालवत घरी नेऊ नका.

ती नळी ‘स्टील ब्रेडेड’ही नव्हती. साध्या रबरी नळीवर चंदेरी प्लॅस्टिकच्या जाळीचं आवरण चढवलेलं होतं. आवरणावर नख ओढलं की ते घडी पडून सरकतं, खरी स्टीलची वीण सरकत नाही. अस्सल नळीवर कंपनीचं नाव, मानकाचा क्रमांक आणि बनवल्याची तारीख छापलेली असते. भारतीय मानक आयएस ७०७९, परदेशी मालावर अमेरिकेच्या मानकाचं डॉट आणि एफएमव्हीएसएस १०६. काहीच छापलं नसेल तर ती नळी ब्रेकला लावायची नाही, मग दुकानदार काहीही सांगो.

बँजो बोल्टचीही, म्हणजे नळीचं टोक जोडणाऱ्या पोकळ बोल्टचीही, गोम आहे. १० मिमीचा बोल्ट दोन पेचांत, म्हणजे आट्यांमधल्या दोन अंतरांत, मिळतो, १.०० आणि १.२५ मिमी. जपानी मास्टर सिलिंडरवर बहुधा १.२५ चालतो, ब्रेम्बो कंपनीच्या घराण्यातल्या पंपावर १.००. चुकीचा बोल्ट पहिले दोन आटे गोडीत जातो आणि मग पान्याच्या जोरावर अ‍ॅल्युमिनियमचे आटे खातो. प्रत्येक बँजोला दोन तांब्याचे वॉशर लागतात आणि ते दर वेळी नवेच. इथे जुनेच उलटे करून घातले होते, त्यामुळे लिव्हरच्या बुडाशी ओल धरली होती आणि मास्टर सिलिंडरचा रंग फुगला होता. डॉट ४ ऑइल रंग खातं, तेव्हा ब्रेकच्या आसपास रंग उडालेला दिसला तर गळती आहे असंच समजायचं. लिव्हर घट्ट दाबून मिनिटभर धरा. ती हळूहळू मुठीकडे सरकत गेली तर कुठेतरी दाब निसटतोय.

हेच काम नीट कसं होतं? नवं हँडल बसवून आधी डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण वळवायचं आणि मास्टर सिलिंडरपासून युनिटपर्यंत इलेक्ट्रिकची जाड वायर नळीच्या मूळ वाटेने फिरवून माप घ्यायचं. हँडल ८० ते १०० मिमी उंच झालं असेल तर नळी साधारण १०० ते १५० मिमी जास्त लागते. त्या मापाची नळी दोन्ही टोकांना मशीनवर क्रिंप करून, म्हणजे दाबून पक्की करून, घ्यायची. बँजोचा कोनही सांगावा लागतो, सरळ, २० अंश की ४५, नाहीतर नळी पिळवटून बसते.

आता टी. फोर्कच्या दोन्ही नळ्या वरून पकडणारी ती आडवी पट्टी. क्लिप-ऑनच्या गाडीत वरच्या टीला हँडलचे क्लॅम्प नसतात, म्हणून टी बदलावी लागते. यामाहाच्या आर१५ आणि एमटी-१५, केटीएमच्या आरसी आणि ड्यूक अशा जोड्या एकाच घरातल्या असल्याने भावाची टी आणून बसवायचा विचार पहिल्यांदा सुचतो, आणि तो वाईट नाही. पण पिढी बघावी लागते. भारतातल्या आर१५ व्ही३ला ४१ मिमीचे साधे फोर्क होते, व्ही४ला ३७ मिमीचे उलटे. उलट्या फोर्कमध्ये ३७ हा आतल्या, खालच्या नळीचा आकडा. टी पकडते ती बाहेरची नळी, आणि ती चांगलीच जाड असते. म्हणून आकड्यावर विसंबू नये, व्हर्नियर लावून टीच्या जागेवरच मोजावं. भोक थोडं मोठं निघालं तर कोल्ड्रिंकचा डबा कापून त्याची पट्टी आत सरकवायची पद्धत आहे. वरून बोल्ट आवळला की दिसत नाही. टीच्या खालच्या कडेला टॉर्च मारली की चकाकती कड दिसते.

व्यासाइतकाच महत्त्वाचा ऑफसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या मधल्या दांड्याचा मध्य आणि फोर्कचा मध्य यांतलं अंतर. वरच्या आणि खालच्या टीचं हे अंतर एकच हवं. दोन मिमीचा फरक असला तरी फोर्क तिरके ताणले जातात, सील लवकर जातात आणि पुढचा सस्पेन्शन खड्ड्यात अडखळतो.

या गाडीतली ‘सीएनसी अ‍ॅल्युमिनियम’ची टी काळ्या पावडर कोटिंगची होती. फ्रिजवरचं चुंबक लावलं, ठक्क करून चिकटलं. साधी लोखंडी प्लेट गॅसकटरने कापून, भोकं पाडून, रंगवलेली. लोखंड अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड. गंमत अशी की लोखंडी म्हणून ती लगेच मोडली असती असं नाही. खोट होती कामात: फोर्क पकडायच्या फटी हॅक्सॉने कापलेल्या, दोन भोकं एका रेषेत नाहीत, आणि बोल्टच्या डोक्यावर एकही आकडा नाही. क्लॅम्पचे बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे लागतात आणि तो आकडा डोक्यावर कोरलेला असतो. कोरं डोकं म्हणजे खिडकीच्या ग्रिलचा बोल्ट.

याहून घातक प्रकार म्हणजे मूळच्याच टीवर वेल्डिंग करून रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) बसवणं. ‘आर्गॉन मारलाय, काही होत नाही’ असं सांगतात. हीट ट्रीटमेंट केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात बरीच उतरते आणि तडा तिथूनच जातो. तिसरी युक्ती सगळ्यात स्वस्त: फोर्क टीमधून २० मिमी वर सरकवायचे आणि तेच क्लिप-ऑन टीच्या वर चढवायचे. हात वर येतात, पण गाडीचं नाक खाली जातं, ट्रेल (गाडी सरळ ठेवणारं पुढच्या चाकाचं अंतर) घटतो, आणि फोर्क पूर्ण दबला की मडगार्ड रेडिएटरला किंवा खालच्या टीला लागू शकतं. पैसे मात्र ‘रायझर किट’चे.

टी काढली म्हणजे वरचा मोठा नट सुटला, म्हणजे कोनसेटचा (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचा) ताणही हलला. तो परत बसवायला हवा. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा. टीपाशी टक टक लागली तर ढिला आहे. पुढचं चाक उचलून हँडल हलकेच सोडलं आणि ते मध्येच अडलं, तर जास्त आवळलाय.

हँडलच्या पाइपमध्ये एक बारीक लबाडी आहे आणि ती जवळजवळ सगळीकडे दिसते. स्विचच्या डब्यात आतून एक छोटी खुंटी असते. ती बसण्यासाठी पाइपला योग्य जागी भोक पाडायचं असतं. कंटाळा करणारा खुंटीच घासून टाकतो. मग स्विचचा डबा फक्त दोन स्क्रूंच्या पकडीवर उभा राहतो. उजव्या बाजूला त्याच डब्यात रेसची केबल असते, त्यामुळे पावसात हात ओला असताना मूठ पिळली की डबाच फिरतो. गाडी बंद ठेवून दोन्ही स्विचचे डबे हाताने पिळून बघा, जराही हलता कामा नयेत. पाइपची जाडीही बघा. मुठीपाशी पाइप २२.२ मिमी असतो, टेपर हँडल मध्ये २८.६ मिमी. ‘टेपर’चे पैसे घेऊन साधा २२.२चा पाइप पत्र्याची चकती घालून २८.६च्या क्लॅम्पमध्ये बसवला असेल तर खड्ड्यात हँडल पुढे ढळतं.

केबल सेटचे १,४०० घेतले होते आणि केबल मूळच्याच होत्या, वाट बदलून ताणलेल्या. याची चाचणी सोपी. इंजिन चालू, न्यूट्रल, मुठीला हात न लावता हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आरपीएम जरा जरी चढले तर रेसची केबल आखूड आहे. वळणावर गाडी आपोआप पळते ती यामुळेच. रेसला ३ ते ५ मिमी आणि क्लचच्या लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी मोकळीक असावी. तसंच हँडल पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांच्यात अंगठा चेमटू नये. काही जण त्यासाठी टाकीला पोचा पाडून देतात!

वायरिंग अपेक्षेप्रमाणेच: तारा कापून, पिळून, काळी टेप. पहिल्या पावसात हॉर्न गेला होता.

कागदांचं सांगतो. खोक्यावर ‘एआरएआय अप्रूव्ड’चं स्टिकर होतं. पुण्यातली ही संस्था वाहन उत्पादकांच्या गाड्यांची आणि सुट्या भागांची चाचणी करते. खोक्यावरचं स्टिकर म्हणजे तुमच्या गाडीत बदल करायची परवानगी नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदलाला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. ‘आरटीओचं आम्ही बघतो’ म्हणणारा त्या दिवशी नाक्यावर तुमच्या शेजारी उभा नसतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो तो वेगळाच. फक्त मनगटं दुखत असतील तर आधी क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोन आणि टाकी गुडघ्यांनी पकडायची सवय तपासून बघावी, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. आणि पाठच दुखत असेल तर खरं तर ही गाडी विकून तिचाच नेकेड (फेअरिंग नसलेला) भाऊ घेतलेला बरा.

बिलावरचा जीएसटी क्रमांक १४ अक्षर-अंकांचा निघाला. खरा १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. पैसे यूपीआयने दिलेले होते, बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर झालेलं होतं. ते उपयोगी पडलं. गाडी दुरुस्त करायच्या आधी प्रत्येक भागाचे जागेवरचे फोटो काढले: बुजवलेली तोंडं, चुंबक चिकटलेली टी, कोऱ्या डोक्याचे बोल्ट. दुसऱ्या गॅरेजकडून लेखी निरीक्षण घेतलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आणि मग दुकानाला लेखी नोटीस पाठवली. यावर न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

नोटिशीनंतर टी आणि मजुरीचे मिळून ९,५०० परत आले. होज, हँडल, केबल आणि वायरिंगचे आले नाहीत. मूळचे क्लिप-ऑन, टी आणि ब्रेकची नळी मागितली तर ‘भंगारात गेली’ हे उत्तर. कंपनीच्या क्लिप-ऑनच्या जोडीला जुन्या बाजारात गिऱ्हाईक लगेच मिळतं, हे त्या दुकानाला ठाऊक नसेल असं नाही. काम द्यायच्या दिवशीच ‘काढलेले सर्व भाग मालकाला परत’ अशी ओळ जॉबकार्डावर लिहून घेतली असती तर गाडी दोन दिवसांत मूळपदावर आली असती. आता नळी आणि टी कंपनीकडून मागवली आहे, आणि तोवर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे.