आठवण-पत्त्यांचा डबा: पत्ते चांगले, पुस्तिका कपाटात ठेवा

सोलापुरात नवी पेठेत शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानात ज्येष्ठांसाठीचा हा चित्रपत्त्यांचा डबा साडेचारशे रुपयांना मिळतो. आत पाच गठ्ठे आहेत: प्राणी, अवजारं, चेहरे, यात्रा-प्रसंग आणि हातकाम. सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि पुस्तिका. चित्रं मोठी, पुठ्ठा जाड. पुस्तिका मात्र पाचही गठ्ठ्यांना एकच गुणतक्ता लावते, आणि घोळ तिथेच आहे.

प्राण्यांचा गठ्ठा दिसतो सोपा, पण फसवतो. कोल्हा, लांडगा, कुत्रा यांची शरीरं एकसारखी. फरक बारीक खुणांचा. 1984 मध्ये वॉरिंग्टन आणि शॅलिस या मेंदू-मानसशास्त्रज्ञांनी नागीण या आजाराच्या जातकुळीतल्या विषाणूमुळे मेंदूला सूज येऊन गेलेल्या चार रुग्णांची नोंद केली. त्यांना वस्तू ओळखता येत, पण प्राणी आणि खाद्यपदार्थ अडत. तेव्हा प्राण्यांत कमी आणि अवजारांत जास्त गुण पडले, तर त्यांची सरासरी काढू नका. दोन आकडे वेगळे लिहा.

अवजारांत विणकामातले धोटा, कांडी, फणी आहेत. विणकरांच्या सोलापूरसाठी ही निवड झकास. नाव अडलं की लगेच सांगू नका. आधी 20 सेकंद थांबा, मग उपयोग सांगा (‘मागावर इकडून तिकडे धावतो’), मग पहिलं अक्षर द्या: ‘धो...’. अक्षरावर नाव आलं, तर शब्द डोक्यात आहे, वाट सापडत नव्हती. हाताने कृती करू द्या. अवजाराची आठवण हाताच्या हालचालीशीही बांधलेली असते. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील, तर त्या भाषेतलं नावही बरोबरच धरा. पुस्तिका ते चूक ठरवते, हे या शहरात तरी चालणार नाही.

चेहऱ्यांत सगळेच अडखळतात, तरणेताठेही. ‘हा माणूस सुतारकाम करतो’ म्हटलं की रंधा, भुसा, लाकूड असे दहा धागे जुळतात. ‘याचं आडनाव सुतार’ म्हटलं की एकच. म्हणून ‘नट आहे, जुना आहे’ इतकं आलं तरी अर्धा गुण द्या.

यात्रेच्या पत्त्यावर सिद्धेश्वराचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या आहेत. ‘काठ्या किती?’ याला आजी पटकन ‘सात’ म्हणतील. ‘गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तुमच्याबरोबर कोण होतं?’ याला गप्प. पहिलं ज्ञान, दुसरा स्वतःचा प्रसंग. मानसशास्त्रज्ञ टल्व्हिंग यांनी 1972 मध्ये हा भेद मांडला. नवे प्रसंग साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. दोन्ही प्रश्न एकाच रकान्यात टाकले, तर नेमकं काय निसटतंय ते कळणारच नाही.

हातकामाचा गठ्ठा सर्वांत वाया गेलेला. ‘भाकरी कशी थापतात ते सांगा’ असं पुस्तिका म्हणते. ही आठवण शब्दांत बसत नाही. परातीत मूठभर ज्वारीचं पीठ द्या आणि हात बघा.

घड्याळ ‘मिनिटात प्राणी सांगा’ या खेळासाठी. नुसती बेरीज नको. कागदावर 15 सेकंदांचे चार रकाने पाडा. सर्वांत जास्त शब्द पहिल्या रकान्यात येतात. पुढे ‘गाय, म्हैस, शेळी’वरून ‘वाघ, अस्वल’कडे उडी मारता येते का ते पाहा. गोठ्यातच अडकले किंवा तीच नावं परत आली, तर नोंद करा. त्यावरून विसराळूपणाचं निदान करू नका. शाळा कमी झालेल्यांचा आकडा तसाही कमी येतो, आणि पुस्तिकेत शिक्षणाचा रकानाच नाही. आकडा दर महिन्याला घसरत असेल, तर कागद घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा.

आणि घड्याळातली वाळू 52 सेकंदांतच संपते. मोबाइलवर वेळ लावा.