होडी कारखान्यात करून घेतलेला बास्केटबॉलचा बोर्ड

समुद्रालगतच्या शाळेला किंवा मंडळाला बास्केटबॉलचा बोर्ड घ्यायचा असेल, तर माझं मत आधीच सांगते: कॅटलॉगमधला मागवू नका, होड्यांचं फायबरकाम करणाऱ्याकडून करून घ्या. आम्ही हर्णै बंदराजवळच्या एका छोट्या कारखान्यातून घेतला आणि मी पूर्ण समाधानी आहे.

आमचा जुना बोर्ड 3 जून 2020 ला निसर्ग वादळात माडा-पोफळींबरोबर गेला. त्यानंतर ऑनलाइन मागवलेला, कंपनीचं नाव घेत नाही, एका पावसाळ्यात मधोमध फुगला. रिंग गंजली ती वेगळीच. चेंडू बोर्डाला लागला की थप्प करून तिथेच मरायचा. अशा बोर्डावर मुलींना काय शिकवणार?

बोर्डावरून चेंडू खरा परत आलाच पाहिजे, हा माझा हट्ट आहे. त्याचं कारण NBA, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला खेळाडू टिम डंकन.

डंकन कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटावरचा. आधी तो पोहायचा, 400 मीटर फ्रीस्टाइल. 1989 च्या सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळाने बेटावरचा ऑलिंपिक मापाचा तलाव उद्ध्वस्त केला. समुद्रात सराव करायचा, तर त्याला शार्कची धास्ती. पुढच्याच वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कॅन्सरने गेली. पोहणं सुटलं ते कायमचं. बास्केटबॉल त्याने नववीत हातात घेतला, म्हणजे तसा उशिराच. कॉलेज पूर्ण करीन, हा आईला दिलेला शब्द मात्र पाळला: वेक फॉरेस्ट विद्यापीठात चारही वर्षं काढली, मग 1997 च्या ड्राफ्टमध्ये (लीगमधले संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) सॅन अँटोनियो स्पर्स संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. 2016 ला निवृत्त होईपर्यंत 19 हंगाम तो त्याच संघात राहिला. 1999, 2003, 2005, 2007 आणि 2014, अशी पाच विजेतेपदं. 2003 च्या अंतिम फेरीतला सहावा सामना तर मी मुलींना पाठच करायला लावलाय: 21 गुण, 20 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), 10 असिस्ट (ज्यावर बास्केट झाली असे पास), 8 ब्लॉक (अडवलेले शॉट).

पण मला सर्वांत प्रिय आहे तो 2013-14 चा काळ. 2013 ला अंतिम फेरीत मायामी हीट संघाविरुद्ध सातव्या सामन्यात, शेवटच्या मिनिटात, रिंगजवळचा सोपा शॉट त्याच्याकडून हुकला आणि विजेतेपद गेलं. पुढच्या वर्षी त्याच मायामीला 4-1 अशा सामन्यांनी हरवलं, तेव्हा तो 38 वर्षांचा होता. या सगळ्या वर्षांत त्याचं हुकमी हत्यार एकच: डाव्या बाजूने, साधारण 45 अंशांतून, बोर्डावर ठेवलेला शांत शॉट. त्याला उंच उडी लागत नाही, कोन लागतो. आमच्या बुटक्या मुलींनी शिकण्यासारखं याहून दुसरं काही नाही, आणि त्याला खरा बोर्डच लागतो.

आता कामाबद्दल. 18 मिलिमीटरचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड. 8 बाय 4 फुटांच्या एका शीटमधून 1.80 बाय 1.05 मीटरचा बोर्ड आरामात निघतो. दोन्ही अंगांना आणि चारही कडांना फायबर मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन, वरून पांढरा जेलकोट, म्हणजे रेझिनचाच गुळगुळीत रंगीत थर. भोकं पाडल्यावर त्यांच्या आतूनही रेझिन फिरवलं, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. नटबोल्ट होड्यांना लावतात तेच, खाऱ्या हवेत सहज न गंजणाऱ्या 316 स्टेनलेस स्टीलचे. रेझिन सुकल्यावर कारागीर नाण्याने टकटक करत पूर्ण बोर्डावरून गेला. खालच्या उजव्या कोपऱ्यात आवाज पोकळ आला, म्हणजे आत हवा राहिली होती. मला तर तो फरक ऐकूही आला नव्हता. कोणी सांगितलं नसताना त्याने तेवढा भाग घासून काढला आणि पुन्हा भरला. आज त्या कोपऱ्यावर चेंडू मारला तरी मधल्यासारखाच परत येतो.

उणिवाही सांगते. जेलकोट फार चकाकतो. आमचा बोर्ड पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळी डोळे दिपतात. बिनचकाकीचं फिनिश मागून घ्या. रिंगच्या वरच्या 59 बाय 45 सेंटिमीटरच्या चौकोनाची पट्टी त्यांनी स्टिकरची लावली होती, ती सुटली. आम्ही रंगाने काढून घेतली. बोर्ड जड आहे, साध्या पाइपच्या खांबावर चढवू नका. रिंग ते बनवत नाहीत, ती हॉट-डिप गॅल्व्हनाइज केलेली, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली, वेगळी घ्यावी लागते.

जून-जुलैत तिकडे जाऊच नका. मासेमारी बंद असते, होड्या दुरुस्तीला ओढलेल्या असतात, तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो; शिवाय ओल्या हवेत रेझिन नीट सुकत नाही. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या आणि पाऊस उघडला, की दिवाळीच्या सुमारास माप घेऊन जा.