पुरुषोत्तम, फिरोदिया की युवक महोत्सव? छोट्या आर्ट सर्कलने यंदा काय निवडावं

जून उजाडला की पुण्यातल्या कॉलेजांच्या आर्ट सर्कलमध्ये, म्हणजे नाटक-नाच-गाणं करणाऱ्या मुलांच्या ग्रुपमध्ये, एकच विषय: यंदा काय काय करायचं? उत्तर बहुतेक वेळा ‘सगळंच’ असं येतं, आणि फेब्रुवारी येईपर्यंत निम्मा ग्रुप एकमेकांशी बोलेनासा झालेला असतो. ज्यांच्याकडे पन्नास-साठ मुलं, माजी विद्यार्थ्यांची फौज आणि नाटकाला मान देणारे प्राचार्य आहेत, त्यांनी खुशाल सगळं करावं. हा आढावा बाकीच्यांसाठी आहे. पंधरा-वीस मुलं, जेमतेम निधी, पाठीशी उभे राहणारे एखादे सर किंवा मॅडम, आणि वर्षभरात नीट पेलेल असं एकच मोठं काम. पर्याय तीन: पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया करंडक आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव, तिन्ही कॉलेजांच्या स्पर्धा.

असे ग्रुप सहसा बजेट बघून ठरवतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: आपल्याकडे लेखक आहे का? पैसे मागून, माजी विद्यार्थ्यांकडून उकळून, कँटीनवाल्याला फलकावर जाहिरात देऊनसुद्धा उभे राहतात. लेखक तसा उभा करता येत नाही.

लेखक असेल तर पुरुषोत्तम

महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात. अलीकडच्या वर्षांत पुणे केंद्रावर ५१ संघ उतरतात आणि त्यातले ९ अंतिम फेरीत जातात. म्हणजे बेचाळीस कॉलेजांचा प्रवास एका संध्याकाळीच संपतो. हे आधीच गृहीत धरून कामाला लागलेलं बरं.

या स्पर्धेचा पिंड एका नियमात आहे. इथे लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांनाच किंमत. नेपथ्य, प्रकाशयोजना या तांत्रिक अंगांना पारितोषिक नाही. छोट्या कॉलेजसाठी ही फार मोठी सोय आहे. समोरच्या संघाने लाखभर खर्चून वाडा उभा केला म्हणून तो तुमच्या पुढे जाणार नाही. दोन लेव्हल्स (उंच चौथरे), एक खुर्ची, मागे काळा पडदा, एवढ्यावर काम भागतं. पण हीच सोय उलटतेही. सेट नाही, झगमगाट नाही, म्हणजे लपायला जागाच नाही. तिसऱ्या मिनिटाला नटाला हातांचं काय करायचं हे कळेनासं झालं की ते शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसतं. आणि ते पोरगं गप्प बसणाऱ्यांतलं नसतं. दोन एकांकिकांच्या मधल्या वेळात ‘अरे आव्वाज कुणाचा’ म्हणून नाट्यगृह डोक्यावर घेणारा हा प्रेक्षक आहे. चांगल्या वाक्याला तो तिथल्या तिथे दाद देतो, खोट्या रडण्याला तिथल्या तिथे हसतो.

परीक्षकही सढळ हाताचे असतीलच असं नाही. २०२२ मध्ये एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही म्हणून परीक्षकांनी तो कुणालाच दिला नव्हता. त्यावर बराच गदारोळ झाला. मला तो निर्णय कठोर वाटला, पण त्यातून स्पर्धेची अपेक्षा कळते. कुठल्या तरी जुन्या, चालून गेलेल्या एकांकिकेची नक्कल घेऊन उतरायचं असेल तर ऑगस्टचे चार-पाच आठवडे वाया घालवू नयेत.

वेळापत्रकाची अडचण कुणी आधी सांगत नाही, ती अशी. सीईटीच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिल्या वर्षाची मुलं ऑगस्टमध्ये कॉलेजात धड आलेलीच नसतात. इंजिनिअरिंगला तर हे दरवर्षीचं. म्हणजे पुरुषोत्तम बसवायची ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांवर. त्यातली निम्मी त्याच दिवसांत ढोल-ताशा पथकाच्या सरावाला नदीपात्रात. संध्याकाळी सहाची तालीम लावा, साडेसातला लोक जमतात, एकाच्या खांद्यावर ढोलाच्या पट्ट्याचा वळ, दुसऱ्याचा आवाज बसलेला. पथक सोडायला सांगून कुणी सोडत नाही. त्यापेक्षा सकाळी सातची तालीम लावा. हॉस्टेलच्या मुलींनाही तेच सोयीचं पडतं, रात्री दहाच्या आत परतायची धावपळ राहत नाही.

अभिनेता अमेय वाघ, दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी अशी नावं याच स्पर्धेतून पुढे आली, म्हणून अनेकांना तिचं आकर्षण असतं. ते ठीक आहे. पण त्यांच्यामागे बीएमसीसीसारखं नाटकाची परंपरा असलेलं कॉलेज होतं, हेही लक्षात असू द्या.

माणसं असतील तर फिरोदिया

फिरोदिया करंडक ‘स्वप्नभूमी’ ही संस्था घेते, १९७० च्या दशकापासून. ही नुसती एकांकिका स्पर्धा नाही. नाटकाच्या एकाच कथानकात नृत्य, गायन, वादन, चित्र, शिल्प, रांगोळी, मल्लखांब, जे जे तुमच्या कॉलेजात आहे ते सगळं गुंफायचं. हिंदी-इंग्रजीही चालतं, त्यामुळे हॉस्टेलवर बाहेरच्या राज्यांतली मुलं जास्त असलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा इथे कायम जोर. आणि स्पर्धा फेब्रुवारीच्या सुमारास, त्यामुळे पहिल्या वर्षाची मुलं एव्हाना रुळलेली असतात. माणसं मिळण्याच्या दृष्टीने हा मोसम पुरुषोत्तमपेक्षा कितीतरी बरा. मध्ये गॅदरिंग, सबमिशन आणि कुणाकुणाच्या प्लेसमेंट येतात, पण ते निभावतं.

कथा चालू असताना मागे एक मुलगा कॅनव्हासवर चित्र काढतोय, असं दृश्य फिरोदियात हमखास असतं. बाहेरून सोपं वाटतं. त्याच्या बाजूने बघा. चित्र नायिकेच्या शेवटच्या वाक्यावर पूर्ण व्हायला हवं, आधी नाही आणि नंतरही नाही. नटी तालमीत तेच दृश्य कधी चार मिनिटांत संपवते, कधी सहा. त्यात कॅनव्हास उभा असतो, रंग पातळ झाला तर ओघळ खाली येतात, आणि निळ्या प्रकाशात हिरवा कोणता नि काळा कोणता हे त्याला स्वतःलाच दिसत नाही. म्हणून डब्यांवर आकडे घालायचे, रंग दाट ठेवायचा, आणि नटीला वाक्याची लय बांधून द्यायची. असे आठ-दहा कलाकार एका प्रयोगात सांभाळायचे असतात.

तेव्हा फिरोदियाचा खरा नायक विंगेत असतो. हातात क्यूंचा कागद घेऊन उभी असलेली, कुणावरही न ओरडता तीस-चाळीस जणांना वेळेवर आत सोडणारी आणि बाहेर काढणारी मुलगी. अशी एक व्यक्ती तुमच्याकडे नसेल तर कितीही गुणी गायक आणि नर्तक असले तरी प्रयोगाची खिचडी होते. लेखक इथेही लागतोच, पण थोडा वेगळा. त्याने सुंदर संवाद लिहिण्यापेक्षा कलांना जागा करून देणारी गोष्ट रचायला हवी. ‘गावात जत्रा आहे’ किंवा ‘नायकाला स्वप्न पडतं’ या दोन युक्त्यांनी अर्धं फिरोदिया आजवर चाललेलं आहे. परीक्षकांना त्या पाठ आहेत.

खर्च इथे जास्त, वाद नाही. कपडेपट, वाद्यांचं भाडं, टेम्पो, आणि चाळीस जणांचा रोजचा चहा-वडापाव. शेवटचा आकडा सगळ्यात फसवा असतो.

आणि ज्यांच्याकडे दोन्ही नाही, पण नाचणाऱ्या मुली-मुलं आहेत

विद्यापीठाच्या युवक महोत्सवाकडे आर्ट सर्कलची नाटकवाली मंडळी नाक मुरडतात. ‘ते सरकारी काम आहे’ असा सूर. मला हा शुद्ध गैरसमज वाटतो, विशेषतः नृत्याच्या बाबतीत.

राष्ट्रीय पातळीवर भारतीय विद्यापीठ संघाचे जे नियम आहेत, त्यांच्याच धर्तीवर विद्यापीठांतल्या फेऱ्या होतात. एकांकिका ३० मिनिटांची, रंगमंचावर जास्तीत जास्त ९ जण आणि मागे ३. प्रहसन १० मिनिटांचं, ६ जणांचं. मूकनाट्य ५ मिनिटांचं. लोकनृत्य १० मिनिटांचं, १० नर्तकांपर्यंत, साथीला गायक-वादक वेगळे. शास्त्रीय नृत्याला १५ मिनिटं. म्हणजे अगदी ६ जणांचा ग्रुपही मानाने उतरू शकतो, आणि एका प्रकारात आपटलात तरी दुसऱ्यात उभं राहायला जागा असते. पुरुषोत्तममध्ये ती सोय नाही.

नृत्य करणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. पुरुषोत्तममध्ये नाच आला तर गोष्टीची गरज म्हणून, त्याला वेगळे गुण नाहीत. फिरोदियात नाचाचा सन्मान होतो, पण तोही कथानकाच्या तालावर; दहा वर्षं भरतनाट्यम शिकलेली मुलगी अडीच मिनिटांच्या स्वप्नदृश्यात येते आणि जाते. युवक महोत्सवात मात्र गोंधळ, दिंडी, धनगरी गजा, कोळी नृत्य जे कराल ते स्वतःच्या पायावर उभं असतं, परीक्षक त्यासाठीच बसलेले असतात. साथीला खरा संबळ, खरी ढोलकी आणि पट्टी न सोडणारा गायक मिळाला की गोंधळाला जो चढत जाणारा वेग येतो, तो पेनड्राइव्हवरच्या गाण्याने येत नाही. तेव्हा नर्तकांआधी संबळवाला शोधा. आणि नऊवारी शिवलेली घ्यायची की नेसायची हा वाद असेल तर नेसायलाच शिकवा. शिवलेल्या साडीत बैठक घेताना काष्टा ताणला जातो, ते लांबूनही दिसतं.

जिंकलात तर पुढे वाटही आहे. विद्यापीठाच्या संघातून राज्यपातळीवरचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव, शिवाय भारतीय विद्यापीठ संघाचा पश्चिम विभाग आणि तिथून राष्ट्रीय. नांदेडच्या किंवा जळगावच्या मुलांनी सादर केलेला लोकनृत्याचा प्रकार तिथे पहिल्यांदा बघणं हे पुण्याच्या मुलांसाठी मोठंच शिक्षण असतं. काही विद्यापीठांत सहभागाबद्दल सवलतीचे गुणही मिळतात. ते आधी परीक्षा विभागात विचारून घ्या, नंतर नाही.

उणी बाजू अशी की इथली एकांकिका घड्याळाची गुलाम आहे. पुरुषोत्तमसाठी बसवलेली पाऊण तासाची एकांकिका ३० मिनिटांत बसवायला जाल तर बहुतेक दिग्दर्शक सगळेच प्रसंग थोडे थोडे कापतात आणि सगळंच तुटक होतं. त्यापेक्षा सुरुवातीची पात्रओळख सरळ उडवा. प्रेक्षक हुशार असतो, दुसऱ्या प्रसंगापासून सुरू झालेली गोष्ट त्याला कळते. वातावरणही वेगळं. भरतमधली ती गर्दी, तो आरडाओरडा इथे नाही. भर दुपारी एखाद्या कॉलेजच्या सभागृहात, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रयोग करावा लागतो. नटांना तो झेपत नाही, नर्तकांना त्याचं फारसं काही वाटत नाही.

तर मग?

लेखक आहे आणि चार-पाच खरोखर चांगले नट आहेत: पुरुषोत्तम, डोळे झाकून. हरलात तरी संहिता हातात राहते आणि ती वाया जात नाही. ‘लोकसत्ता’च्या लोकांकिका स्पर्धेसारख्या इतर ठिकाणी ती घेऊन जाता येते, आणि कुठे पहिला क्रमांक आलाच तर चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ आहे, २५ जानेवारीच्या रात्री मुंबईत, वर्षभरातल्या पहिल्या आलेल्या एकांकिकांमध्ये.

गाणारे, वाजवणारे, नाचणारे भरपूर आहेत पण नाटकाचा अनुभव बेताचा: इथे बहुतेक जण फिरोदियाकडे धावतात. मी पहिल्या वर्षी युवक महोत्सव सुचवेन. लोकनृत्य आणि प्रहसन, दोनच प्रकार. त्यातून विंग सांभाळणारी ती मुलगी कोण आहे ते कळेल. ती सापडली की पुढच्या फेब्रुवारीचं फिरोदिया ठरवा, तोवर नाही.

नट आहेत, लेखक नाही, आणि पुरुषोत्तमच करायचंय असा हट्ट आहे: मग बाहेरच्या लेखकाची संहिता घ्या, पण लेखी परवानगी घेऊन आणि मानधन देऊन. ‘आम्ही विद्यार्थी आहोत’ हे मानधन बुडवायचं कारण होत नाही. परवानगीचं पत्र, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागणार की नाही, प्राचार्यांच्या सहीचा अर्ज, हे सगळं जुलैच्या पहिल्या आठवड्यात फाइलला लावून ठेवा. संघांची संख्या मर्यादित असते, प्रवेशिका मुदतीत गेली नाही तर विनंत्या करून उपयोग होत नाही. आणि नियमपत्रिका यंदाचीच वाचा. युवक महोत्सवातल्या तीस मिनिटांत नेपथ्य लावण्याचा वेळ धरतात की नाही यासारखे बारकावे बदलत राहतात, आणि सीनियर मंडळी ठामपणे सांगतात तो नियम बहुधा त्यांच्या वर्षीचा असतो.