बोलेरोच्या मागच्या पाट्यांसाठी पीयू बुश: कुठे बसवावे, कुठे नको

जुन्या बोलेरोच्या मागून करकर सुरू झाली की स्पेअर पार्टच्या दुकानात हमखास पुढे केला जातो तो पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन बुशचा सेट. बुश म्हणजे पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) टोकांत बोल्टभोवती बसणारी उशी. माल चांगला असेल तर तो रबरापेक्षा जास्त टिकतो, आणि शॅकलच्या जागी, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्यांत, तो जरूर बसवावा. पाट्याच्या पुढच्या टोकाला मात्र रबरच ठेवावं. आणि आवाज बुशचाच आहे याची खात्री होईपर्यंत खिशात हात घालू नये.

सुरुवात मागच्या दारापासून करा. बोलेरोची स्टेपनी दारावर टांगलेली असते. बिजागरी किंवा लॉक ढिलं झालं की त्या वजनाने होणारी खडखड थेट सस्पेन्शनची वाटते. स्टेपनी उतरवून त्याच खराब रस्त्यावर एक चक्कर मारली की निकाल लागतो. जॅक, पाना, सायलेन्सरची टांगती रबरं आणि हँडब्रेकची केबल त्याच वेळी तपासून घ्या. गिअर टाकून क्लच सोडताना एकदाच ‘टक्’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, हाताने फिरवून पाहा. क्रॉस गेलेला असताना बुश बदलून काहीच फरक पडत नाही.

आता पाटे. गतिरोधकावर हळू जाताना येणारी कुईकुई दोन ठिकाणची असू शकते: पाटे एकमेकांवर कोरडे घासत असतील, किंवा बुश आपल्या जागी कोरडा फिरत असेल. ओळखायला पाण्याची बाटली पुरते. आधी फक्त पाट्यांच्या थरांत पाणी मारा, बुश कोरडे राहू द्या, आणि मागचा बंपर दाबून गाडी वरखाली हलवा. आवाज बंद झाला तर दोष थरांत आहे. नाही झाला तर एकेका बुशवर पाणी मारून पुन्हा हलवा. ज्या बुशवर पाणी पडल्यावर आवाज थांबेल तो दोषी.

छोट्या खड्ड्यांवर ‘खटखट’ येत असेल तर शॉकअपच्या दोन्ही टोकांचे बुश आधी पाहा. शॉकअप हाताने धरून जोरात हलवला की ढिला बुश लगेच कळतो. अंगावर नुसता तेलकट धुरळा असेल तर घाबरू नका, पण तेल ओघळत असेल तर दोन्ही बाजूंचे शॉकअप जोडीने बदला. शॅकलची पट्टी आणि पाट्याचं टोक यांच्या मध्ये टामी (लोखंडी सळई) घालून उचकटून पाहिलं की तिथला ढिलेपणा डोळ्यांना दिसतो. आणि ब्रेक मारताना किंवा जोरात निघताना ‘धाड’ असा एकच आवाज येत असेल तर यू बोल्ट (पाटे आखाला बांधणारे) आणि सेंटर बोल्ट (पाट्यांचे थर मधोमध धरणारा) तपासल्याशिवाय गाडी चालवू नका. सेंटर बोल्ट तुटला की हाउसिंग, म्हणजे मागच्या आखाचं कवच, मागेपुढे सरकतं. पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून हाउसिंगपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. फरक आला तर काम बुशचं नाही.

पाट्यांवर जळकं ऑइल आणि डिझेल मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. चार दिवस शांत वाटतं, मग त्याच तेलावर धूळ बसते आणि पाटे पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजू लागतात. तेल रबरावर उतरलं तर रबर फुगून मऊ पडतं. ब्रेकच्या ड्रममध्ये गेलं तर ब्रेकच लागत नाहीत. पाटे उघडून, तारेच्या ब्रशने साफ करून, तडा गेलेला पाटा बदलून मध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरणं हाच खरा उपाय.

पीयू सेट घेताना रंगाकडे पाहू नका, रंगावरून कडकपणा कळत नाही. सस्पेन्शनसाठीचे बुश साधारण 80 ते 95 शोर ए (रबरासारख्या मालाचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचे असतात. महत्त्वाची गोष्ट आहे आतली लोखंडी नळी. दोन अर्धे तुकडे जोडून नळी आत घातल्यावर ती बुशपेक्षा किंचित लांब असली पाहिजे. तरच शॅकलच्या पट्ट्या नळीवर आवळल्या जातात आणि बुश मोकळा फिरतो. नळी आखूड असेल तर बोल्ट आवळताच बुश चिमटला जातो, शॅकल अडखळते आणि नवा सेट टाकूनही करकर तशीच राहते. असा सेट काउंटरवरच परत करा. नायलॉनचे बुश स्वस्त मिळतात, पण ते जराही दबत नाहीत, पिन खातात आणि प्रत्येक खडा चासीपर्यंत पोचवतात. घेऊ नका.

पुढच्या टोकाला रबर का? तिथे धातूच्या कवचाचा सायलेंट बुश असेल तर त्यातलं रबर पिळ खाऊन हालचाल सोसतं, घसरत नाही. ओढण्याचा आणि ब्रेकचा सगळा झटका याच बोल्टवर येतो. तो झटका आणि रस्त्याची घरघर रबर चांगली गिळतं.

बसवताना पुढच्या चाकांना ठोकळे लावा, चासी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा आणि हाउसिंगला वेगळा जॅक द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जुना बुश जाळून काढू नका, धूर विषारी असतो. प्रेसने ढकला, नाहीतर हॅक्सॉने कवच आतून चिरून काढा. जागा गंजमुक्त, गुळगुळीत करा. पीयूला सिलिकॉन ग्रीस आतून-बाहेरून सढळ लावा. रबराला फक्त साबणाचं पाणी.

शेवटची आवळणी गाडी चाकांवर उतरवून, पूर्ण वजन आल्यावरच करा. हवेत लटकलेल्या पाट्यावर रबरी बुश आवळला तर गाडी खाली येताच तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नवा सेट लवकर जाण्याचं हे नेहमीचं कारण, आणि दोष उगाच मालाला दिला जातो. यू बोल्ट उघडले असतील तर नवेच टाका, कर्णरेषेत आवळा आणि 500 किमीनंतर पुन्हा पाना लावा. पीयूच्या जागी दर पावसाळ्यानंतर ग्रीसची एक फेरी लागते. तेवढी जमणार नसेल तर शॅकललाही रबरच घ्या.